पाटासारखी पेटी, घ्यावी की नाही

रविवार, रात्री उशिरा.

ओळखीच्या भंगारवाल्याने ‘स्पार्कस्टेशन ५’ नावाचा एक जुना संगणक किलोच्या भावाने देऊ केला, तेव्हापासून माझे मन एका जागी नाही. सन कंपनीने १९९४ साली बाजारात आणलेले हे यंत्र म्हणजे पाटासारखी बसकी पेटी. आत मायक्रोस्पार्क प्रोसेसर, आणि मेमरी कितीही वाढवली तरी २५६ एमबीपर्यंतच. आजच्या ब्राउझरचे एवढ्यात भागणार नाही, पण कामासाठी असले यंत्र कोणी घेतच नाही, त्यामुळे ती तक्रार इथे गैरलागू आहे.

खरा प्रश्न असा, की त्यावरची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम माझ्या लॅपटॉपवर चालत असताना लोखंड घरात आणायचे कशाला? दुसऱ्या संगणकांची नक्कल करणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम नेमके याच यंत्राचे सोंग घेतो आणि त्यावर मी सोलॅरिस २.६ ही सनची युनिक्स बसवूनही पाहिले आहे. केवळ जुन्या युनिक्सची चव घ्यायची असेल त्याने तिथेच थांबावे, असे मी कोणालाही सांगेन.

माझा जीव अडकला आहे तो दुरुस्तीत. या यंत्राचा इथरनेट पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, एनव्हीरॅम नावाच्या चिपमध्ये असतो आणि ती जिवंत ठेवणारी लिथियम बॅटरी त्याच चिपच्या प्लास्टिकमध्ये कायमची बंद केलेली असते. बॅटरी संपली की यंत्र स्वतःची ओळखच विसरते. युनिक्स सुरू होण्याआधी यंत्र जिथे आज्ञा घेते, त्या ओके प्रॉम्प्टवर फोर्थ भाषेतल्या आज्ञा देऊन पत्ता पुन्हा लिहिता येतो खरा, पण वीज गेली की पाटी परत कोरी, आणि आमच्या भागात वीज किती वेळा जाते हे आठवून मला हसूच आले. कायमचा उपाय म्हणजे चिपचे आवरण जपून घासायचे, आतले जोड उघडे करायचे आणि तिथे साधा बटण सेल डकवायचा. हात चुकला तर चिप गेली.

मॉनिटरची मात्र चिंता नाही. यंत्राचा पडद्यासाठीचा १३डब्ल्यू३ जोड आजच्या पडद्याला थेट बसत नसला, तरी कीबोर्ड न लावता सुरू केल्यास हे यंत्र आपोआप सिरियल पोर्टवर, म्हणजे तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाशी, बोलू लागते. डिस्क मेलेली निघाली, तर मेमरी कार्डाला स्कझी, म्हणजे या यंत्राला चालणाऱ्या जोडाची, डिस्क म्हणून खपवणारे छोटे बोर्ड मिळतात.

उद्या फोन करून एवढेच विचारायचे आहे, की पेटी कोणी उघडली आहे का. सोन्यासाठी मदरबोर्ड गोळा करणारे आधीच येऊन गेले असतील, तर उरलेला पत्रा मला नको.