आमची वाटचाल : कोर्टाच्या बाकावर शेजारी बसणारी माणसं

2016 ला साताऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही सुरुवात केली. मी आधी 12 वर्षं समाजसेविका, पार्टनर वकील. ज्यांनी गुन्हा सोसलाय त्यांच्यासोबत पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट सगळीकडे जाणाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं, एवढंच काम.

पहिलं वर्षभर आम्ही नुसता कायदा शिकवला. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचं कलम 24, म्हणजे मुलाचा जबाब त्याच्या घरी नाहीतर त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, पोलिसांनी युनिफॉर्म घालायचा नाही. कलम 33, वकिलाने प्रश्न जजना द्यायचे आणि जज मुलाला विचारणार. सगळं वहीत उतरवून घेतलं जायचं, आम्हाला वाटायचं झालं काम.

मग आमच्याकडे शिकलेल्या एका ताईंनी एका मुलीला धीर दिला, "घाबरू नको बाळा, त्याला शिक्षा होणारच." दीड वर्षाने तो सुटला. मुलीच्या आईने ताईंचा फोन उचलणंच बंद केलं. ताई ऑफिसात येऊन खूप रडल्या आणि तेव्हा मला कळलं की चूक त्यांची नाही, काय बोलायचं नाही हे आम्ही कधी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर सगळं बदललं. आता प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून कोर्ट उभं करतो, एकजण मूल होतो, एकजण आई, आणि तारीख पुढे गेली की चार तास बसून भुकेने चिडलेल्या मुलाशी काय बोलायचं ते करून बघायचं. निकालाचा शब्द द्यायचा नाही, "मी 10 वाजता गेटपाशी असेन" एवढाच द्यायचा आणि 10 ला तिथे असायचंच. आरोपी समोर येणार का असं मुलाने विचारलं तर पडद्याची किंवा व्हिडिओची सोय आहे का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं. आणि जबाब अजिबात पढवायचा नाही, प्रेमानेसुद्धा नाही, उलटतपासणीत तेच केसवर उलटतं. त्या ताई आता हा तास स्वतः घेतात.

लॉकडाऊनमध्ये जवळजवळ बंदच पडलो होतो, भाडं थकलं. पण 2020 च्या पोक्सो नियमांत सपोर्ट पर्सनने, म्हणजे केस चालू असताना मुलाच्या सोबत राहणाऱ्या माणसाने, दर महिन्याला बालकल्याण समितीला रिपोर्ट द्यायचं आलं, 2023 ला सुप्रीम कोर्टानेही सपोर्ट पर्सनवर भर दिला, मग विचारणा वाढली. जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले आणि नोट्स परत छापल्या, पीडितांच्या नुकसानभरपाईचं जुनं कलम 357अ आता कलम 396 झालंय. मनोधैर्य, म्हणजे अत्याचार झालेल्या महिला आणि मुलांना मदत देणारी राज्य सरकारची योजना, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तो मात्र वर्गात प्रत्येकाकडून भरूनच घेतो, कारण कागद अपुरे म्हणून अर्ज अडकतो आणि घरच्यांना कोणी सांगतही नाही.

एक गोष्ट आम्ही उशिरा सुरू केली. हे सगळं ऐकून ऐकून सोबत जाणारी माणसंही आतून थकतात, झोप उडते, स्वतःच्या पोरांवर ओरडतात. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 4 ते 6 ऑफिस उघडं ठेवतो, जुन्या कुठल्याही बॅचचं कोणीही या, फी नाही, केसमधलं नाव-गाव न सांगता मन मोकळं करा, चहा असतो.