‘पॅच’ची ‘बॅच’ कशी झाली

रात्रीच्या कॉलवर मी सांगितलं होतं, पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) थांबवा. सकाळी उठून बघते तर पॅच लागलेला आणि रात्रीची बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या कामांचा गठ्ठा, बंद. पलीकडचा सहकारी जन्मापासून इंग्रजी बोलणारा. त्याने ‘बॅच’ ऐकलं आणि इमानदारीत बॅच थांबवली. मला आधी रागच आला. माझा प ठणठणीत होता की!

आणि तिथेच घोटाळा होता. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून त्याच्यासारख्यांचं ‘पिन’ म्हणून बघा, पट्टी उडते. ‘स्पिन’ला जवळजवळ हलत नाही. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा त्यांचा प आपल्या फ च्या घरातला आणि स नंतरचा आपल्या प सारखा. त्यांना हे दोन आवाज वेगळे वाटतच नाहीत, कारण त्यांच्या भाषेत त्या फरकाने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे पळ आणि फळ हे वेगळे शब्द आहेत. (फ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला, ‘फोन’मधला दात लावून काढलेला नव्हे. तो घोळ निस्तरायलाच मला आठवडा लागला.)

लिस्कर आणि अब्राम्सन या दोन अभ्यासकांनी १९६४ साली ११ भाषांमध्ये एक गोष्ट मोजली: ओठ किंवा जीभ सुटल्यावर कंठ किती वेळाने घुमू लागतो. त्यात मराठीही होती. इंग्रजीतल्या सुरुवातीच्या प ला हे अंतर सुमारे ६० मिलिसेकंद निघतं. आपल्या साध्या प ला ते जेमतेम असतं आणि इंग्रजीतल्या सुरुवातीच्या ब लाही बऱ्याचदा तेवढंच. मी प म्हणत होते, तो ब ऐकत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर. खात्री करायला मी एका रेकॉर्डिंगमधल्या ‘स्पिन’चा स कापून टाकला आणि उरलेला तुकडा त्यालाच ऐकवला. तो म्हणाला, ‘बिन’.

मग सहा महिने रोज दहा मिनिटं. एकाच वक्त्याचं एक वाक्य ऐकायचं, तसंच म्हणायचं, रेकॉर्ड करायचं, स्वतःचा आवाज ऐकून कानकोंडं व्हायचं.

सगळ्यात जास्त ट ने छळलं. आपण त्याला टाळूकडे जीभ वळवून म्हणतो, ते वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवतात. इथवर ठीक. पण अमेरिकी माणूस ‘वॉटर’ म्हणतो तेव्हा तिथे ट नसतोच, जीभ हिरडीला एकदा चाटून जाते. पन्नासदा ऐकल्यावर लक्षात आलं, हा तर आपला र, एका टिचकीचा! लंडनकडचे कित्येक जण ‘बॉटल’मध्ये ट च्या जागी घशातच श्वास अडवतात. वाक्याच्या शेवटी तर ट नुसता दाबून धरतात, सोडतच नाहीत. बऱ्याच शब्दकोशांत या सगळ्यांना दोन तिरप्या रेघांमध्ये एकच खूण असते, कारण तिथे स्वनिम (अर्थ बदलू शकणारा आवाज) छापतात, त्याची स्वनांतरं (जागेप्रमाणे बदलणारी त्याची रूपं) नव्हेत. मी वर्षानुवर्षं ती खूण पाठ करत होते आणि जे कानावर पडत होतं ते तिच्यात शोधत होते.

हसू नका, आपणही हेच करतो. अंग, अंत, अंबर म्हणून बघा. एकाच टिंबासाठी जीभ-ओठ तीन जागी जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

न सोडलेल्या ट चा खरा फटका ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ला बसतो. अमेरिकी बोलण्यात ‘कान्ट’चा स्वर ‘कॅन’सारखाच आणि शेवटचा ट गिळलेला. मग होकार-नकार ओळखायचा कसा? होकारातला ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये आला की विरघळून नुसता ‘कन्’ होतो. नकारात मात्र ॲ पूर्ण ऐकू येतो. मी उत्साहाने ‘आय कॅन डू इट’ ठासून म्हणत असे आणि समोरचे चाचरत. त्यांना ते ‘जमणार नाही’ वाटत असावं!

ल च्या दोन तऱ्हा (‘लीफ’मधला एक, ‘फील’मधला दुसरा) त्यामानाने लवकर जमल्या. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ अजून माझ्या तोंडून सारखेच निघतात. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, वेस्टला ओठ गोल करायचे, एवढंच आहे. कळतं सगळं, बोलताना आठवत नाही.

पॅच मात्र आता पॅचच पोहोचतो. परवा जेवताना आईला म्हटलं, “जरा पाणी दे गं.” ती तांब्या हातात धरून थांबली. म्हणाली, “फाणी? हे काय नवीन?”