नळ बंद होता, तरीही

मी अमेरिकेतील कॉलोराडोतल्या गनिसन येथे एका आरव्ही पार्कची, म्हणजे राहण्याच्या गाड्या आणि ट्रेलर मुक्कामाला लावण्याच्या जागेची, देखभाल पाहतो. गाव सुमारे ७,७०० फुटांवरच्या खोऱ्यात आहे. रात्री थंड हवा डोंगरांवरून उतरून तळाशी साचते आणि जानेवारीत पारा उणे २० सेल्सियसखाली गेला तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. हिवाळी पाहुण्यांच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. गॅस वाचवण्यासाठी विजेचा हीटर लावला जातो, त्यामुळे गाडीची भट्टी पेटत नाही, आणि फरशीखालच्या नळ्यांना ऊब मिळते ती त्या भट्टीच्याच हवेची, हे पहाटे पाणी बंद झाल्यावर कळते. काही जण रात्री नळ थेंबथेंब सोडून सांडपाण्याची झडपही उघडी ठेवतात; मग बाहेरच्या पाइपात बर्फाचे बूच बसते. अशा वेळी हेअर ड्रायर आणि थोडा धीर पुरतो.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला ज्यांचा फोन आला, ते निवृत्त गृहस्थ या जातीचे नव्हते. त्यांचा होज, म्हणजे नळापासून गाडीपर्यंत पाणी नेणारी लवचीक नळी, विजेवर तापणारा होता आणि थंडी जाणवताच तो चालू करणारा थर्मोस्टॅट नळाकडच्या, म्हणजे सर्वांत थंड टोकाला होता. निम्मे लोक तो गाडीच्या उबेत ठेवतात आणि होज तापत का नाही, असे मलाच विचारतात. जोडांवर फोम होता, ट्रेलरच्या कडेने फोमचे पत्रे उभे केले होते. होजला हात लावला तर तो कोमट होता, आत पाणी होते. हायड्रंटचा, म्हणजे जमिनीतून वर आलेल्या उभ्या नळाचा, दांडा खाली होता; म्हणजे नळ बंद. मी दांडा उचलला. एक थेंब आला नाही.

आमचे हायड्रंट ‘न गोठणारे’ म्हणून विकले जातात, पण त्यांना स्वतःची ऊब नसते. खरी झडप पाच-सहा फूट खाली, जमीन गोठत नाही तेथे असते. दांडा खाली केला की ती बंद होते, तळाचे छिद्र उघडते आणि उभ्या पाइपातले पाणी खडीत झिरपून जाते. रिकामा राहतो म्हणून तो पाइप गोठत नाही. मात्र पाणी उतरायचे तर वरून हवा आत यावी लागते. येथे तोंडाला होज आवळलेला, आणि होजच्या दुसऱ्या टोकाला ट्रेलरची एकेरी झडप, जी पाणी मागे येऊ देत नाही. शहाळ्यातल्या नळीचे वरचे टोक बोटाने दाबून धरावे, तसे ते पाणी रात्रभर पाइपात लोंबकळत राहिले आणि गोठले.

नळ उघडा ठेवून उभ्या पाइपालाही तापपट्टी गुंडाळली असती, तर चालले असते. नळ बंद करून होज काढला असता, तरीही चालले असते. साधा होज गोठण्याच्या भीतीने माणूस आपणहून काढतो. तापणाऱ्या होजने ती भीतीच घालवली आहे. कार्यालयाबाहेरच्या फलकावर ‘रात्री नळ बंद करावा’ एवढेच लिहिलेले होते आणि ते अक्षर माझे होते.

वरचे डोके उघडून मी बारीक प्लास्टिकची नळी आत सोडली आणि नरसाळ्याने गरम पाणी ओतत राहिलो. घाई झालेले लोक येथे ज्योत लावतात आणि आतले रबर जाळून बसतात. नळी बोटा-बोटाने खाली सरकत होती; बर्फ सुटायला तीन तास लागले. पाणी आले, पण त्याबरोबर बुंध्याशी असलेले बर्फही काळपट ओले होऊ लागले. पाइप जमिनीखाली फुटला होता. त्या ओळीची मुख्य झडप बंद करावी लागली. गोठलेली जमीन खणता येत नसल्याने चार जागा वसंतापर्यंत कोरड्या राहिल्या.

मालकांनी नियमावलीत बोट दाखवून खर्च त्या गृहस्थांच्या बिलात लावला. “नळ मी बंद केला होता,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी कार्ड पुढे केले. मी शेजारीच उभा होतो. फलक कोणी लिहिला, हे तेव्हा सांगता आले असते. मी पावती छापून दिली.

त्याच संध्याकाळी मी फलकावर ‘आणि होज काढून ठेवावा’ अशी ओळ वाढवली. दुसऱ्या दिवशी स्नानगृहातून पाण्याचे दोन कॅन नेताना ते तेथे थांबले. नव्या शाईची ओळ जुन्या ओळीपेक्षा बरीच गडद दिसते.