आज वारा जोरात होता आणि मी जाम खूश आहे

आज दिवसभर पाण्यावर होते, वारा मस्त जोरात, आणि आत्ता मांड्या अक्षरशः थरथरतायत, कारण आयएलसीए ६ ही छोटी शिडाची बोट सपाट ठेवायची तर पाय पट्ट्यात अडकवून अख्खं अंग बाहेर झोकून लटकायचं, ते पण जवळपास पूर्ण रेसभर. बोटीत एकटीच, शीड पण आपणच सांभाळायचं, सुकाणू पण आपणच, वारा कुठून फिरेल ते ओळखायचं पण आपणच.

बोट धुताना नेत्रा कुमननचा विचार चालू होता. २०२१ मध्ये ओमानला ती क्वालिफाय झाली, सेलिंगमध्ये ऑलिम्पिकला पोचलेली पहिली भारतीय महिला, टोकियोत ३५ वी आणि पॅरिसला थेट २१ वी!! मला ही झेप खूप मोठी वाटते, आणि लोक फक्त मेडल मोजतात याचा खरंच राग येतो.

अहो आधी तिथे पोचणंच केवढं अवघड! एका क्लासमध्ये, म्हणजे बोटीच्या एका प्रकारात, एका देशाची एकच बोट, म्हणजे देशातली दुसऱ्या नंबरची सेलर कितीही भारी असली तरी घरीच. आणि स्कोअरिंग असं की पहिल्याला १ पॉइंट, दहाव्याला १०, सगळ्यात कमी पॉइंट ज्याचे तो जिंकला, त्यामुळे एखादी रेस मारून भागत नाही, प्रत्येक रेसमध्ये पुढच्या घोळक्यात राहावं लागतं.

उद्या फक्त स्टार्टचा सराव. सिग्नल होताना लाइनवर फुल स्पीडमध्ये असायचं, एवढं एकच जमवायचंय.