ओळी आल्याच नाहीत

बाराव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. हा काही हसण्याचा सिनेमा नव्हे. मी मान वर केली. पडद्यावर फॅनी नावाची कुत्री, आणि तिच्या पायांखाली माझी ओळ: ‘चल, घरी सोडतो तुला.’ ज्याने ते म्हणायचं तो म्हणून मोकळा झाल्याला वीस-पंचवीस सेकंद उलटले होते.

सांगलीतली रविवारची दुपार. एका फिल्म सोसायटीचा खेळ, दीडशे खुर्च्यांपैकी शंभरेक भरलेल्या. चित्रपट डॅनिश, थॉमस विंटरबर्गचा, जगभर ‘द हंट’ म्हणून माहीत असलेला, २०१२ चा. मराठी सबटायटल माझी. पुण्यात घरी बसून मी गेली काही वर्षं हेच करते: टाइमकोड लावायचे, म्हणजे कुठली ओळ कधी यायची आणि कधी जायची ते ठरवायचं, दोन ओळींत मावेल एवढं लिहायचं, वाचायला वेळ मिळेल इतकं कापायचं. मालिका, माहितीपट, स्वयंपाकाचे कार्यक्रम, काय वाटेल ते. पण हे काम मी हौसेनं घेतलं होतं, कारण त्यात मॅस मिकेलसन हा डॅनिश नट होता.

नाव मी आधी ‘मॅड्स’ असंच म्हणायचे. माझी मावसबहीण कोपनहेगनला असते, तिने फोनवर झापलं, “ताई, तो ‘ड’ गिळायचा. मॅस.” तिला मी या कामात बरीच राबवली. माझ्याकडे संवादांची इंग्रजी यादी होती, पण अडचण इंग्रजीत दिसेना अशी होती. डॅनिशमध्ये सगळे सगळ्यांना ‘दु’, म्हणजे तू, म्हणतात. दुकानदार, डॉक्टर, मुख्याध्यापक, सगळ्यांना. राजघराणं सोडलं तर अहो-जाहो जवळजवळ संपलेलंच आहे, असं ती म्हणाली. मराठीत असं चालेल कसं? बालवाडीतली पाच वर्षांची क्लारा तिथे काम करणाऱ्या लूकसला नुसतं ‘लूकस’ म्हणते. ‘लूकसकाका’ करावं तर डेन्मार्कचं कोथरूड होतं, न करावं तर पोरगी आगाऊ वाटते. दोन दिवस घालवून मी ‘लूकस’च ठेवलं, क्रियापदं मात्र तू-ची.

खरी गंमत पुढे होती. लूकस, म्हणजे मिकेलसन, हा शाळा बंद पडल्यामुळे बालवाडीत नोकरी करणारा घटस्फोटित मास्तर. क्लारा त्याच्या जिवलग मित्राची, थिओची मुलगी. ती रुसून भलतंच काही बोलते, आणि बालवाडीच्या प्रमुख ग्रेटबाई त्यातून अर्थ काढतात की याने मुलीशी वाईट वर्तन केलं. त्याने केलेलं नसतं, आणि हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं. आरोपापर्यंत ग्रेट त्याच्याशी अरे-तुरेत बोलते. आरोपाच्या त्या बैठकीत मी तिला ‘तुम्ही’ वर आणली. डॅनिशमध्ये तिथे काहीच बदलत नाही, शब्द तोच, ‘दु’. पण मराठी माणसाला कळावं की दार लागलं, म्हणून. खरं सांगायचं तर अख्ख्या फाइलमध्ये मला एवढ्याच जागेचा अभिमान होता. येताना बसमध्येसुद्धा मी त्या चार ओळी पुन्हा वाचून खूश झाले होते.

खेळाआधी दहा मिनिटं मला मिकेलसनविषयी बोलायला सांगितलं होतं. कॉलेजची पोरं पुढे बसली होती, त्यांना तो ‘डॉक्टर स्ट्रेंज’मधला खलनायक म्हणून माहीत, थोड्या मोठ्यांना ‘कॅसिनो रोयाल’ या बाँडपटातला, डोळ्यातून रक्ताचे अश्रू येणारा ‘ल शिफ्र’. मी म्हटलं, जरा मागे जाऊ. १९६५ चा जन्म, कोपनहेगनचा. लहानपणी जिम्नॅस्ट. मग नाचाकडे वळला, स्वीडनमध्ये गोथेनबर्गला बॅले शिकला, आणि जवळजवळ दहा वर्षं नाचावर पोट भरलं. नाट्यशाळेतून, तीही राजधानीतल्या नव्हे, आर्हूसच्या, बाहेर पडला तेव्हा १९९६ उजाडलं होतं. म्हणजे तिशी ओलांडलेली. आपल्याकडे या वयात हिरोचा भाऊ करायला लावतात.

त्याच वर्षी त्याचा पहिला मोठा चित्रपट आला, ‘पुशर’. दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफ्न हाही नवखा, पंचविशीतला. कोपनहेगनमधले गर्दचे किरकोळ विक्रेते, हातात धरलेला कॅमेरा, तुटपुंजे पैसे. मिकेलसन त्यात टोनी, म्हणजे हिरोच्या मागेमागे फिरणारा, मार खाणारा तकलुपी गुंड. मग टीव्हीवर ‘रायसेहोल्डेट’ ही पोलिसी मालिका. तिने त्याला डेन्मार्कच्या घराघरांत नेलं. पण डेन्मार्कचं घराघर म्हणजे किती? आज तिथली लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाख होती. एवढ्याशा बाजारात चित्रपट नुसता तिकिटांवर उभा राहत नाही, सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा पैसा असतो म्हणून राहतो. आणि नट कमी, म्हणून तीच माणसं फिरून फिरून एकमेकांसोबत काम करतात. विंटरबर्ग, सुझान बिअर, आंदर्स थॉमस येन्सन, या सगळ्या दिग्दर्शकांकडे मिकेलसनने काम केलेलं. आपल्या प्रायोगिक रंगभूमीसारखं, असं मी म्हटल्यावर सांगलीकरांनी माना डोलावल्या. नाट्यपंढरीत हे वाक्य फुकट जात नाही.

२००६ सालाबद्दल मी थोडी जास्त रेंगाळले. त्या एकाच वर्षी तो बाँडपटात जुगारी खलनायक झाला आणि सुझान बिअरच्या ‘आफ्टर द वेडिंग’मध्ये भारतात अनाथाश्रम चालवणारा याकोब झाला. त्यातल्या ज्या मुलाला तो बाळ असल्यापासून सांभाळतो, त्याचं नाव प्रमोद. पैशासाठी याकोब डेन्मार्कला जातो आणि तिथल्या एका लग्नात अडकतो. पुढे त्या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, परभाषा विभागात. लोक बाँडला शिडी म्हणतात. मला ती शिडी नाही वाटत. शिडी चढणारा वर गेल्यावर खाली येत नाही. हा मात्र सतत घरी येत राहिला. ‘द हंट’ केला तोही बाँडनंतर सहा वर्षांनी, एका गावातला बालवाडीचा मास्तर म्हणून, आणि कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं ते त्यासाठी. त्यानंतर अमेरिकेत ‘हॅनिबल’ मालिका, ‘स्टार वॉर्स’ची ‘रोग वन’, आणि २०२० मध्ये परत घरचा ‘ड्रुक’. त्याच्या शेवटी तो बंदराच्या धक्क्यावर नाचतो, पंचावन्नच्या आसपासचा माणूस, आणि तेव्हा कुठे बऱ्याच जणांना कळलं की याचा मूळ धंदा हा.

टाळ्या झाल्या, दिवे गेले. आणि बारा मिनिटांनी ती कुत्री.

चूक माझी. मी ज्या फाइलवर काम केलं ती सेकंदाला चोवीस फ्रेमची. खेळासाठी आलेली प्रत युरोपातल्या पद्धतीची, पंचवीसची. म्हणजे चित्र माझ्या ओळींपेक्षा चार टक्के वेगाने पळत होतं. सकाळी तपासणीत सुरुवातीचं दीडेक मिनिटच लावून बघितलं: नोव्हेंबरात तळ्यात उड्या मारणारे ते मित्र. तिथे ओळी चार सेकंद मागे दिसल्या. वाटलं, आधीच्या लोगोंचा फरक असेल. अख्खी फाइल सरसकट चार सेकंद पुढे ओढली, जुळली, चहा प्यायला गेले. शिकाऊ पोरीला मी याच गोष्टीवरून ओरडले असते: सुरुवात जुळली म्हणजे काही नाही, मधे आणि शेवटी बघ.

धावत प्रोजेक्टरच्या खोलीत गेले. तिथल्या दादांनी विचारलं, “मॅडम, थांबवू का?” आयोजक म्हणाले, थांबवू नका, एकदा दिवे लागले की निम्मे लोक उठतात. शेवटी दादांनी सबटायटल बंद केली. प्रत कोरी होती, इंग्रजी ओळीसुद्धा नव्हत्या. सभागृहात नुसती डॅनिश घुमायला लागली.

दुरुस्ती खरं म्हणजे पाच मिनिटांची: फ्रेम रेट बदलायचा, फाइल पुन्हा काढायची. पण हात थरथरत होते आणि मी उलटं केलं. पंचवीसचं चोवीस. लावून बघितलं तर ओळी आधीपेक्षा दुप्पट लांब गेलेल्या. मग लक्षात आलं की मूळ फाइलवर नव्हे, सकाळी चार सेकंद ओढलेल्या फाइलवर मी हे करत होते. मूळ फाइल मेलमध्ये, आणि खोलीत रेंज नाही. मोबाइल खिडकीतून बाहेर धरून ती उतरवली. या सगळ्यात पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात मी काचेच्या चौकोनातून सिनेमा बघत होते, अधूनमधून. सहा-सातजण उठून गेले, मोजले मी. बाकीचे बसले. मधे मधे सगळं सभागृह किंचित पुढे वाकलेलं दिसायचं, लांबून एखाद्याचं बोलणं ऐकताना वाकतात तसं. मला त्या चित्रपटातली ओळन् ओळ पाठ. पण महिनाभर मी पडद्याचा खालचा तुकडाच बघत आले होते, ओळ कधी येते, कधी जाते. आता वरचं दिसलं. ग्रेटबाई त्याला खोलीत बसवून सांगतात, तेव्हा तो लगेच विरोध करत नाही. आधी ऐकून घेतल्याचं भलं हसू आणतो, ते हसू चेहऱ्यावर जरुरीपेक्षा जास्त वेळ राहतं, आणि मग मान अगदी थोडी मागे जाते. त्या जागी माझ्या चार ओळी होत्या. गच्च भरलेल्या. मी तिथे सगळ्यांना खाली बघायला लावणार होते.

याच माणसाने २००९ च्या ‘वाल्हाला रायझिंग’मध्ये एका डोळ्याच्या योद्ध्याची मुख्य भूमिका एक शब्दही न बोलता केली आहे, हे मी भाषणात सांगायचं विसरले होते. तेव्हा आठवलं.

ओळी परत सुरू झाल्या तेव्हा त्याचा मुलगा मार्कस आलेला होता. पुढे सगळं सुरळीत. किराणा दुकानातला तो प्रसंग, जिथे त्याला मारून बाहेर फेकतात आणि तो उठून परत आत जातो, आपलं सामान घ्यायला, तिथे तशाही ओळी कमीच. नाताळच्या रात्रीचं चर्च: सुजलेला चेहरा, पुढच्या बाकावरून वळून वळून मागे थिओकडे बघणं. माझ्या शेजारी उभे असलेले प्रोजेक्टरवाले दादा पुटपुटले, “अरे, बोल की.”

नंतर बाहेर चहाशी गाठलंच लोकांनी. मी दिसेल त्याची माफी मागत होते. संगीत नाटकात आयुष्य गेलेले एक आजोबा म्हणाले, “तू नाचाचं सांगितलंस म्हणून मी त्याचे पायच बघत बसलो. पायाने तो काही करत नाही गं. सगळं मानेने करतो.” मग मान मागे नेऊन दाखवली. हुबेहूब नाही आली, पण जागा बरोबर होती.

गर्दी सरल्यावर एक बाई आल्या. बालवाडी चालवतात, वीसेक वर्षं झाली. सिनेमाने त्या हलल्या होत्या, कप हातात तसाच होता. म्हणाल्या, “आमच्याकडे असं झालं तर काय करू, तेच मनात चाललंय. त्या मोठ्या बाई बघा ना, इतक्या वर्षांची ओळख, आणि एकदम त्याला अहो-जाहो करायला लागल्या. तिथंच मला कळलं, हा आता संपला.”

“हो ना,” मी म्हटलं. त्या ओळी पडद्यावर आल्याच नव्हत्या, हे त्यांना सांगितलं नाही.