पिच वितळवताना घाई नको

घरी दुर्बिणीचा आरसा करताना त्याचं बारीक ग्राइंडिंग (घासून गोलाई देणं) संपलं की कधी एकदा पॉलिशिंगला बसतोय असं होतं, आणि नेमकं तेव्हाच पिच, म्हणजे पॉलिशिंगसाठी लागणारा डांबरासारखा पदार्थ, वितळवायचं काम समोर येतं. सहा इंची आरसा करणारे बरेच जण विचारतात की गॅसवर पातेलं ठेवून पटकन वितळवलं तर चालेल का. माझं उत्तर एकच, नाही चालणार. आणि ते फक्त आगीच्या भीतीने नाही, त्यात आरशाचंही नुकसान आहे.

पिच दिसायला घट्ट, हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, पण मुळात ते अतिशय संथ वाहणारा पदार्थ आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 साली नरसाळ्यात भरलेल्या पिचचा नववा थेंब 2014 मध्ये सुटला, इतकं संथ! या वाहण्यामुळेच लॅप (पिचचा थर दिलेली पॉलिशिंगची चकती) आरशाच्या गोलाईला हळूहळू जुळत जातो, म्हणून तर न्यूटननेसुद्धा आरसा पॉलिश करायला पिचच घेतलं होतं. आता हेच पिच जास्त तापवलं की त्यातला उडून जाणारा भाग धूर होऊन जातो आणि उरलेलं पिच कडक होतं. म्हणजे धूर दिसला तर तो तुमच्या फुफ्फुसांनाही वाईट आणि लॅपलाही.

पिचमधून उष्णता फार सावकाश जाते. खालचं उकळायला लागलं तरी वरचं घट्टच असतं, मग खाली दाब साठतो आणि गरम पिच वरची साय फोडून उसळतं. म्हणून तुकडे लहान करा (कापडी पिशवीत घालून फोडा, डोळ्यांवर गॉगल हवाच, कपच्या धारदार असतात), इलेक्ट्रिक हॉट प्लेट अगदी मंद ठेवा, जाड बुडाचं पातेलं घ्या, ढवळत राहा, आणि थर्मामीटर पिचमध्ये बुडवून बघा, वरवरचं तापमान फसवतं. सहज ओतता येण्याइतकं पातळ झालं की बास, त्यापुढे तापवायचं कारणच नाही. मऊ ग्रेड असेल तर उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवूनही काम होतं, फक्त वाफेचं पाणी पिचमध्ये पडू देऊ नका, गरम पिचमध्ये पाण्याचा थेंब गेला की ते तडतडून अंगावर उडतं. पातेलं कोरडं, चमचा कोरडा, आणि ज्यावर पिच ओतायचं ते टूल, म्हणजे लॅपची खालची चकती, प्लास्टर ऑफ पॅरिसचं असेल तर तेही पूर्ण वाळवून इपॉक्सीने सील केलेलं हवं.

रस्त्याचं डांबर किंवा कोल टार (दगडी कोळशापासूनचं डांबर) पिच स्वस्त मिळतं म्हणून आणू नका. कोल टारचा धूर कॅन्सरकारक आहे. ऑप्टिकल पिचच (भिंगं-आरसे पॉलिश करायचं) घ्या आणि ग्रेड, म्हणजे किती मऊ-कडक ते, आपल्या खोलीच्या तापमानाप्रमाणे निवडा, पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात थंड देशासाठी सुचवलेला मऊ ग्रेड नुसता पसरत बसेल. फार कडक वाटलं तर टर्पेंटाईन थेंबाथेंबाने घालतात, पण ते 35 अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा हॉट प्लेट बंद, पातेलं अंगणात किंवा गच्चीवर, जवळ कुठेही ज्योत नाही, मगच.

पेटलंच तर पाणी अजिबात नको. घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवा, ते घाला आणि प्लग काढा. पिच अंगावर पडलं तर ओढून काढू नका, कातडी सोबत येते. लगेच नळाच्या गार पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे जा, चिकटलेलं त्यांनाच काढू द्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, पायात बूट हे सगळं आधीच. लहान मुलं आणि मांजर दाराबाहेर.

उरलेलं पिच पातेल्यात गोठू देऊ नका, पुढच्या वेळी तीच वरून घट्ट खालून उकळती भानगड होते. थोडं निवलं की सिलिकॉनच्या साच्यात लहान लहान वड्या ओता, आणि त्या पातेल्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाका म्हणजे ते चुकूनही स्वयंपाकघरात परत जाणार नाही.