हरणाच्या वाटेवर तीन कॅमेरे

रानात झाडाला बांधलेल्या, फोनवर फोटो पाठवणाऱ्या सिमवाल्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. फोन टेबलावर थरथरला. खाली धरून बघितला, तर फोटोत नुसतं गवत. पाच मिनिटांनी पुन्हा गवत. त्या दिवशी वारा होता आणि ऑगस्टमध्ये कमरेच्या वर वाढलेलं, पिवळ्या तुऱ्यांचं गोल्डनरॉड कॅमेऱ्यासमोर दिवसभर डोलत होतं. संध्याकाळपर्यंत ४१२ फोटो जमले. त्यातल्या सहांमध्ये हरीण होतं. महिन्याभराच्या प्लॅनमधले फोटो एका दिवसात संपले.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात राहते. या टापूला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातला बर्फ आजूबाजूचा मुलूख घासून सपाट करत गेला, पण इथे पोचला नाही. त्यामुळे इथल्या टेकड्या उभ्या आणि दऱ्या अरुंद राहिल्या. माझं माहेर चंद्रपूरचं. बाबा वनरक्षक होते, नोकरी बरीचशी ताडोबाच्या आसपास झाली. वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, हे मी कॉलेजच्या सुट्टीत त्यांच्याकडूनच शिकले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर न बोलता बसायचं कसं, हेही.

इथे मी शिकार करते. मराठी माणसांत हे सांगितलं की जरा शांतता पसरते आणि ती मला समजते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली गोष्ट निराळी आहे. या राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं पंधरा लाखांहून जास्त आहेत आणि आमच्या दक्षिण भागात त्यांना खाणारा लांडगा जवळजवळ नाही. मी ज्यांच्या शेतावर जाते त्या आजोबांचं सोयाबीन दर उन्हाळ्यात रानाच्या कडेनं असं खाल्लेलं असतं, की मला गावाकडचे रोही आठवतात. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी इथे शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. तो मी केला, आजोबांची परवानगी घेतली, आणि पहिल्या वर्षी काहीच हाती लागलं नाही.

त्याचं कारण कळायला मला वर्ष लागलं. तेव्हा माझ्याकडे साधा, कार्डवाला कॅमेरा होता. दर रविवारी रानात जायचं, कार्ड काढायचं, घरी येऊन लॅपटॉपवर बघायचं. ऑगस्टमध्ये खूप हरणं दिसली, सप्टेंबरमध्ये निम्मी, ऑक्टोबरमध्ये फक्त रात्रीची. मला वाटलं हरणं दुसरीकडे गेली. आजोबा म्हणाले, "ती गेली नाहीत. तू रविवारी येतेस हे त्यांना कळलंय." मी ज्या वाटेनं कॅमेऱ्याकडे जायची, ती त्यांच्या दिवसा बसायच्या जागेला अगदी चिकटून होती. दर आठवड्याला मी तिथे माझा वास ठेवून येत होते.

म्हणून सिमवाले कॅमेरे घेतले. घरबसल्या फोटो बघण्याची हौस हे त्यामागचं कारण नव्हतं, रानातली माझी पावलं कमी व्हावीत एवढ्यासाठीच मी पैसे खर्च केले. हे कॅमेरे घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते. फोन दिवसातून वीस वेळा उघडायचा असेल तर ते फक्त महागडं खेळणं आहे.

पहिली अडचण रेंजची आली. टेकडीच्या माथ्यावर माझ्या फोनला चार दांड्या, खाली दरीत एकही नाही. पण फोनची रेंज बघून कॅमेऱ्याची जागा ठरवता येत नाही. कॅमेऱ्यातलं सिम दुसऱ्या कंपनीचं असू शकतं आणि त्याचा अँटेना बोटाएवढा असतो. शेवटी मी कॅमेरा हातात धरून उतारानं चालले आणि दर पन्नास पावलांवर थांबून एक चाचणी फोटो पाठवला. एका ठिकाणी छातीच्या उंचीवर फोटो जात नव्हता, डोक्याच्या वर धरला की जात होता. तिथे लांब वायरचा वेगळा अँटेना घेतला आणि तो झाडावर दहा फूट वर बांधला. दरीच्या तळाशी मात्र काहीच चाललं नाही. ती जागा मी सोडून दिली.

मग सेल. मी आधी घरातले रिचार्जेबल सेल घातले होते. ते १.२ व्होल्टचे, साधे दीड व्होल्टचे. त्यामुळे पहिल्याच दिवशी ॲपमध्ये बॅटरी अर्धी दिसायला लागली. साधे अल्कलाइन सेल ऑक्टोबरपर्यंत बरे चालतात, पण पारा शून्याखाली गेला की त्यांचा जोर ओसरतो. दर वेळी फोटो पाठवताना कॅमेरा टॉवर शोधतो, त्याला झटक्यात जास्त करंट लागतो आणि थंडीत नेमका तोच मिळत नाही. लिथियम सेल महाग आहेत, पण मी आता दुसरे घालत नाही. एका कॅमेऱ्याला छोटं सोलर पॅनेलही लावलंय. शिवाय फोटो लगेच पाठवण्याऐवजी दिवसातून दोनदा एकगठ्ठा पाठवायची सेटिंग केली. त्यानं सेल टिकतात आणि माझं डोकंही शांत राहतं.

आता त्या ४१२ फोटोंबद्दल. या कॅमेऱ्याचा सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. गार हवेसमोरून गरम अंग सरकलं की फोटो निघतो. पण उन्हानं तापलेली पानं वाऱ्यावर हलली तरी त्याला तेच वाटतं. पुढच्या शनिवारी विळा घेऊन गेले. कॅमेऱ्यासमोरचं गोल्डनरॉड आणि आड येणाऱ्या डहाळ्या कापल्या, पण पार मोकळं मैदान केलं नाही, कारण अचानक उघडी पडलेली जागा हरणाला लगेच खटकते. तोंड पूर्वेकडे होतं, त्यामुळे सकाळचे सगळे फोटो पांढरेफटक. ते उत्तरेकडे वळवलं. आधी कॅमेरा वाटेच्या बरोब्बर काटकोनात होता आणि चालत जाणाऱ्या हरणाचा फोटोत फक्त पार्श्वभाग यायचा. तिरका लावला, तर हरीण समोरून येताना बराच वेळ चौकटीत राहतं. फ्लॅश ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे अंधारात अजिबात न चमकणारा घेतला. त्यात रात्रीचे फोटो जरा धुरकट येतात, पण ८५० वाल्याचा लालसर ठिपका मला नको होता.

हे सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी पहाटे लागोपाठ पाच फोटो आले. पहिल्यात एक मादी, डाव्या कानाची कड फाटलेली. दुसऱ्यात ती मान लांब करून कॅमेऱ्याकडे येतेय. तिसऱ्यात फक्त नाकपुडी, ओली, काळी, तिच्यावरचे बारीक खड्डेसुद्धा दिसत होते. चौथ्यात काच तिच्या श्वासानं धुकटलेली. पाचव्यात शेपटी उभी, पांढरी, आणि मादी उडी मारून निघालेली.

तो फोटो मी बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"काऊन गं, हातमोजे नव्हते का?"

नव्हते. पट्टा मी उघड्या हातांनी आवळला होता. आणि माझं रानात घालायचं जॅकेट स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेलं असायचं. म्हणजे हाताच्या घामाबरोबर रोजच्या फोडणीचा वासही त्या झाडाला लागला होता. तेव्हापासून ते जॅकेट गॅरेजमध्ये झाकणाच्या डब्यात असतं, पायात रबरी बूट असतात आणि कॅमेऱ्याला हात लावायचाच असेल तर मी पाऊस येण्याच्या आदल्या दिवशी जाते.

बाबांनी त्या फोनवर दुसरंही विचारलं. "वारा कुठून होता तेव्हा?"

"ते फोटोत नसतं बाबा. वेळ असते, तापमान असतं, चंद्राची कलासुद्धा असते."

"मग लिहून ठेव. वाऱ्याबिगर त्या फोटोचं काय करशील?"

मी शंभर पानी वही केली. रोज रात्री दिवसभरातले फोटो बघायचे, प्रत्येक हरणासमोर त्या तासाचा वारा हवामानाच्या नोंदीतून शोधून लिहायचा. तीन कॅमेरे, दोन महिने. सुरुवातीला सगळं विस्कळीत दिसत होतं. ऑक्टोबरच्या मध्यावर एके रात्री मी फक्त खिंडीतल्या कॅमेऱ्याची पानं वेगळी वाचली. दोन टेकड्यांच्या मधली ती छोटी खिंड. उजेडातले तिथले जवळजवळ सगळे फोटो वायव्येच्या वाऱ्याचे होते. दक्षिणेचा वारा असला की तिथे दिवसा कोणीच नाही, फक्त रात्री. दुसऱ्या दिवशी आजोबांना दाखवलं. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे. ती माथ्याखाली बसतात. पाठीमागून वारा आणि समोर दरी दिसते." त्यांना हे साठ वर्षांपासून ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं.

दरीतला वारा आणखी एक खोड करतो. सकाळी उन्हानं उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. त्यामुळे हवामानाचं ॲप काहीही सांगो, संध्याकाळी माथ्यावर बसलं तर माझा वास खाली हरणांपर्यंत जाणार. मी फक्त सकाळीच बसायचं ठरवलं.

नोव्हेंबर लागला तसे फोटो बदलले. या काळात नर माजावर येतात. खिंडीच्या तोंडाशी एका ओकखाली खुरांनी उकरलेली ताजी जागा होती आणि तिच्यावर वाकलेली एक फांदी. प्रत्येक नर यायचा, त्या फांदीला तोंड, कपाळ घासून जायचा. ऑगस्टमध्ये ज्याच्या शिंगांवर मऊ मखमल होती, तो आठ टोकांचा नर आता मानेनं दुप्पट जाड दिसत होता. एकदा दुपारी दोन वाजता त्याचा फोटो आला आणि माझे हात कापायला लागले. ऑफिस सोडून निघावंसं वाटलं.

तिथेच मी माझ्यापुरता एक नियम केला, की आज आलेल्या फोटोवरून आज रानात जायचं नाही. याबाबत प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे आहेत, आपापल्या ठिकाणचे आधी वाचावेत. ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावायलाच बंदी आहे. मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब, त्याच क्षणी प्राण्याचा ठावठिकाणा कळवणारा फोटो वापरून केलेली शिकार नोंदवून घेत नाही. मला नोंदीशी देणंघेणं नाही, पण त्यामागचा विचार पटतो. कॅमेऱ्यासमोर मक्याचा ढीग टाकायचा सल्लाही खूप लोक देतात. आमच्या जिल्ह्यात तो बेकायदा आहे. हरणांना होणारा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा आजार या राज्यात २००२ साली पहिल्यांदा आढळला तो आमच्याच भागात, माउंट होरेबजवळ. एका ढिगाभोवती तोंडं जमली की लाळेतून तो पसरतो.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. शनिवारी वारा दक्षिणेचा होता. मी गेले नाही. त्या घरात बसलेल्या शनिवारइतका लांब दिवस मला आठवत नाही. सगळ्या टेकड्यांवरून गोळ्यांचे आवाज येत होते. रविवारी वायव्येचा वारा धरला. अंधारातच भडक नारिंगी जॅकेट घालून खिंडीच्या खालच्या अंगाला, पाठ ओकला लावून बसले. उजाडल्यावर पंधरा मिनिटांनी फाटक्या कानाची आली, मागे दोन पाडसं. ऑगस्टपासून मी तिचे दीडशेच्या वर फोटो पाहिले होते. तिच्यावर मी बंदूक उचलणार नव्हते, हे आधीच ठरलं होतं. ती माझ्यापासून वीस पावलांवर थांबली, नाक वर केलं, आणि वारा माझ्याकडे वाहत होता म्हणून तशीच पुढे गेली.

नवाच्या सुमारास दुसरी मादी आली, एकटी, मोठी. तीन कॅमेऱ्यांपैकी एकाच्याही फोटोत ती मी कधी पाहिली नव्हती. एकच गोळी. ती चाळीस पावलं धावली आणि पडली. मी तिच्याजवळ गेले, मानेवर हात ठेवला. केस वरून गार होते आणि आत खोलवर ऊब होती. तिथे किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. मग आजोबांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, ती घरी पोचताच फोनवरून केली. तपासणीसाठी डोकं नमुने गोळा करायच्या पेटीत ठेवलं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, आजार नाही. आजोबांना मागच्या मांड्या दिल्या. मी सावजी मसाल्यात रस्सा केला आणि भांडं तसंच व्हिडिओ कॉलवर बाबांसमोर धरलं. बाबांनी आधी विचारलं ते वाऱ्याचं. ठरवलेलाच होता का म्हणून.

दोन कॅमेरे डिसेंबरात उतरवले, सेल काढून कोरड्या डब्यात ठेवले. खिंडीतला तसाच ठेवलाय. जानेवारी संपत आलाय, बर्फ गुडघाभर आहे. काल पहाटे ६:१२ चा फोटो आला, उणे १९ अंश. फाटक्या कानाची, पाठीवर बर्फाचा पातळ थर, मागे एक पाडस. पुढचे तीन फोटो मी मोठे करून बघितले. एकच होतं. वहीत लिहिलं, वारा पश्चिमेचा, पाडस एक.